अठरा इंच वर

स्टॅम्पर ब्रांच, केंटकी
१४ एप्रिल

ती. डेल्फिया आत्याला केंड्राचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि त्यासोबतचे जाड हातमोजे पोचले. आधी आभार मानून घेते, नाहीतर माझ्या काळज्यांच्या ढिगात ते राहून जातील. इथे दरीत फोन लागत नाही आणि तिकडे तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून आपली पत्रं चालू आहेत. मला ते बरंच वाटतं. पत्रात खाडाखोड तरी करता येते.

नोकरीचं नक्की झालं. ऑगस्टपासून राज्याच्या पश्चिम टोकाला शाळाशाळांतून फिरून मुलांचे कान तपासायचे. महिनाभर एका गावी, मग पुढच्या. दर महिन्याला नवं घर कुठून आणू? म्हणून घरच सोबत न्यायचं ठरवलं आणि लिलावातून शाळेची एक जुनी बस घेतली. बाकं काढली, जमिनीचा गंज खरवडला, गळणाऱ्या जागा बुजवल्या. हे सगळं वहीत तारीखवार लिहिलं आहे, तू हसशील.

अडलंय ते बाबांपाशी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की कोळशानं भरलेली ही फुप्फुसं घेऊन त्यांनी आणखी एक हिवाळा एकट्यानं काढू नये. मी त्यांना माझ्याबरोबर चला म्हटलं. ते बसमध्ये चढले, ताठ उभे राहिले आणि टोपी छताला लागली. म्हणाले, पोरी, छत्तीस इंच उंचीच्या कोळशाच्या थरात मी सत्तावीस वर्षं गुडघ्यांवर काढली, आता या चाकांवरच्या भुयारात मरायला नेऊ नकोस मला. मग उतरून घरी गेले. तेव्हापासून तो विषय नाही.

म्हणून मी बसचं छत अठरा इंच वर उचलणार आहे. खिडक्यांमधले चोवीस खांब कापायचे, छत चार जॅकवर हळूहळू वर घ्यायचं, मधल्या फटीत लोखंडी नळ्या बसवायच्या. वेल्डिंग शेजारचे एल्झी नेपियर करणार. बाबांना सांगितलं तर म्हणाले, बस तुझी आहे. पण दुसऱ्या दिवशी पाहते तर लोखंडी गज घेऊन ते आत उभे. इंच इंच छत ठोकत होते आणि कान देऊन ऐकत होते. खाणीत छताचा खडक धरून ठेवणारे लांब खिळे मारायच्या आधी, तो कुठे सुटलाय का ते रोज ऐकायचे तसं. उतरताना एवढंच म्हणाले, पोकळ वाजत नाही.

आता माझी चूक सांगते. मी एक कागद तयार केला. माणसं सोळा, प्रत्येक जॅकला चार, वेळ आठ ते दोन, हातमोजे आणावेत, खाली नावांसाठी रकाने. तो चर्चच्या दारावर लावला. दहा दिवसांत एक नाव पडलं नाही. शनिवारी फक्त एल्झी आले, तेही कॉफी पिऊन गेले. आत्या, आपल्या घरात माझ्याआधी कुणी आठवीच्या पुढे गेलं नाही. लोकांना वाटत असेल का, की शिकून ही आपल्याला हुकूम सोडायला लागली? खरं असेल तर खरं सांग. मी कागद तीन वेळा लिहून काढला होता, उद्धट वाटू नये म्हणून.

तुझा लोभ आहे म्हणून इतकं लिहायचा धीर होतो. तो असाच राहू दे.

तुझी
केंड्रा


डेटन, ओहायो
२१ एप्रिल

चि. केंड्राला आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसले. अगं वेडे, तू चर्चच्या दारावर समन्स चिकटवलंस! आपल्या माणसांना रकान्यात घालत नाहीत. कागदावर नाव आलं की त्याची हजेरी झाली. मग यायचं म्हणजे नोकरी आणि न यायचं म्हणजे गुन्हा. कोण सही करेल?

आमच्या वडिलांना गोठ्याचं काम काढायचं असलं की ते रविवारी प्रार्थना संपल्यावर बाहेर गाडीला टेकून उभे राहायचे आणि आभाळाकडे बघत कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणायचे, येत्या शनिवारी गोठ्याला हात घालीन म्हणतो. बस. शनिवारी निम्मी दरी हजर. तूही तेच कर. कागद काढून टाक. ज्युएल फ्युगेटच्या जवळ उभी राहा, एक सुस्कारा सोड आणि म्हण की शनिवारी बस कापतोय. मदत हा शब्द तोंडातून काढू नकोस. पुढचं ज्युएल बघेल. तिच्या तोंडच्या बातमीला कधी टपालाचं तिकीट लावावं लागलं नाही.

आता दुसरं, आणि हे नीट ऐक. मी तेवीस वर्षं बस चालवून डेटनच्या पोरांना शाळेत सोडलंय. रिकामी बस पुलावर आली आणि वारा आडवा लागला, की मला पलीकडच्या रांगेत ढकलायचा. कापून मोकळं केलेलं छत म्हणजे काय? पत्र्याचं झाकण. ते पडणार नाही, उडेल. कापायच्या आधी चारी बाजूंनी साखळ्या घालून खालच्या सांगाड्याला बांधा. तुझा बाप होबी ऐकणार नाही. जन्मभर डोक्यावर डोंगर घेऊन वावरला, त्याच्या लेखी छत एकच काम करतं, पडायचं. तरी त्याला सांग, डेल्फीनं सांगितलंय म्हणावं.

बसची नवी उंची चालकाच्या डोळ्यांसमोर मोठ्या अक्षरांत लिहून ठेव. एक चालक रेल्वेच्या पुलाखाली बसचा वरचा पंखा ठेवून आली होती. तिचं नाव मी सांगणार नाही.

आणि होबीला पुन्हा विचारू नकोस. एकदा नाही म्हणालेल्या माणसाला दुसऱ्यांदा विचारलं तर तो निव्वळ हट्टानं नाही म्हणतो. मी घर सोडून इकडे कारखान्याच्या कामाला आले तेव्हा तो बारा वर्षांचा होता. मला रस्त्यापर्यंत सोडायला आला नाही, ओसरीवरच उभा राहिला. तेव्हापासून ते घर त्यानंच धरून ठेवलंय. ते एका हाकेत सुटायचं नाही.

जेवत जा, आणि मला विसरू नकोस, एवढंच मागणं.

तुझी आत्या
डेल्फिया


स्टॅम्पर ब्रांच
६ मे

ती. आत्याला केंड्राचा सा. न. वि. वि.

छत वर गेलं. सगळी माणसं धड आहेत. एल्झींचा अंगठा तेवढा चेचला. हे पहिल्यांदा लिहिलं, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

तुझा उपाय लागू पडला. रविवारी मी सुस्कारा सोडला, तोही मला धड जमला नाही, आणि काल शनिवारी सात वाजता एकोणतीस माणसं अंगणात होती. बायकांनी बीन्सची पातेली, मक्याचा पाव आणि वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक आणला होता. कागदाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. फक्त ज्युएलबाईंनी विचारलं, मी जेवायच्या रकान्यात बसू की उचलायच्या?

साखळ्यांचं मी बाबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, डेल्फी बस चालवायची, बसच्या छताखाली काम नाही केलं तिनं. त्यांनी ओकचे बारा ओंडके मापात कापून आणले आणि खाणीत लावतात तसे छताखाली पाचर मारून घट्ट उभे केले. इतकं सुंदर काम होतं की पुन्हा तोंड उघडायची मला हिंमत झाली नाही. खरं म्हणजे मला ठाऊक होतं की तुझं बरोबर आहे. तरी गप्प राहिले. हे माझ्या नावावर लिहून ठेव.

खांब कापले. छत एक एक इंच वर निघालं, आणि बाबा नाकातली ऑक्सिजनची नळी सावरत, ओंडक्यांवर पाचरी वाढवत आतच फिरत होते. अकरा इंच झाले आणि दरीतून वारा वर आला. आत्या, छत मागच्या बाजूनं उचललं गेलं, डब्याच्या झाकणासारखं. वरचा भारच गेल्यावर बाबांचे ओंडके कशाच्या आधारानं उभे राहणार? एकेक आडवा झाला. पुढचा जॅक कलंडला, छत वीतभर बाजूला सरकलं, आणि बाबा मधोमध, दोन्ही हात वर लावून उभे. पडणारं छत धरायला.

तेव्हा मी ओरडले. काय ओरडले ते लिहायची लाज वाटते. होबर्ट स्टॅम्पर, बाहेर निघ! सगळ्या चर्चसमोर, जन्मदात्याला, नावानं आणि एकेरीत. आणि ते निघाले. लहान मुलासारखे निमूट, पायऱ्या उतरून.

तोवर बायकांनी पातेली गवतावर टाकली होती. एकोणतीस जणांनी दोन्हीकडून छताची कड धरली आणि अक्षरशः लोंबकळले. ज्युएलबाईंचे पाय जमिनीपासून सुटले होते, तरी त्या पुरुषांना जोर लावा रे म्हणून शिव्या घालत होत्या. एल्झींनी ट्रकमधून साखळ्या आणल्या आणि चारी कोपरे बांधले. मग वाऱ्याचं भय उरलं नाही. साखळ्या इंचभर सैल करायच्या, इंचभर उचलायचं, असं करत अठरा इंच झाले. बाबा बाहेर खुर्चीवर बसून मोजत होते. मधेच म्हणाले, सत्तावीस वर्षं छतं धरली, पण पळून जाणारं छत आज पहिल्यांदा बघितलं. सगळे इतके हसले की जॅक थांबवावे लागले.

आज मी चोवीस जागी माप घेतलं. एका ठिकाणी पाव इंचाचा फरक आहे. बाबा म्हणाले, इतकं सरळ छत देवाच्या घरचंही नसेल, झोप आता. त्या माणसांचे आभार कसे मानायचे तेही मला कळत नव्हतं. ज्युएलबाईंना विचारलं तर म्हणाल्या, पातेली घासून परत कर, तेवढे आभार पुरतात. घासून केली. दोनदा.

बाबा एकदा बसमध्ये जाऊन आले. संध्याकाळी मात्र म्हणाले की हिवाळ्याआधी घराच्या पन्हाळी दुरुस्त करायला हव्यात. म्हणजे उत्तर नाहीच आहे. तू सांगितलंस म्हणून मी पुन्हा विचारलेलं नाही. ओरडल्याची माफीही अजून मागितली नाही, धीरच होत नाही. जुलैअखेर निघावं लागेल. त्यांना असं सोडून मी कशी निघू?

तुझा सल्ला ऐकला असता तर कालची भीती टळली असती. या चुकीसकट मला पदरात घे.

तुझी
केंड्रा


स्टॅम्पर ब्रांच
२० मे

डेल्फीताईस होबर्टचा नमस्कार.

मला लिहायची सवय नाही. चुका पोरीला दाखवू नकोस, ती लाल पेन घेईल.

साखळ्यांचं तुझं बरोबर होतं. हे एकदाच लिहितो.

केंड्रा माफी मागायची म्हणून पंधरा दिवस माझ्याभोवती घुटमळते आहे. मी मागू देत नाही. खाणीत छत हललं की ओरडायचं काम माझं असायचं. किती जणांना बाहेर काढलं असेल, मोजलं नाही. स्वतः शेवटी निघायचो. मला कुणी निघ म्हणालं नव्हतं, कारण मागे उरलेलं कुणी नसायचंच. त्या दिवशी तिनं म्हटलं आणि मी काही विचार न करता निघालो. बाहेर येऊन उभा राहिलो तर माझ्याशिवाय ते छत एकोणतीस जणांनी धरलं होतं. बराच वेळ बघत बसलो.

पन्हाळी बदलल्या. ओसरीची पायरी बसवली. चुलीचं धुराडं साफ केलं. घर आता कुणी आलं तरी राहण्यासारखं आहे. मी पोरीबरोबर जातो. तिला आज जेवताना सांगेन. ती रडेल आणि मग यादी करेल.

तू गेलीस तेव्हा मी रस्त्यापर्यंत आलो नाही. रागावलो नव्हतो. आलो असतो तर तुझ्यामागे गाडीत चढलो असतो, आणि आई एकटी राहिली असती. हे तुला आधी सांगायला हवं होतं.

सोबत किल्ली पाठवतो. पुठ्ठ्याला चिकटवली आहे, पाकीट फाडताना सांभाळ. दुसरी नाही, कधी लागलीच नाही. उन्हाळ्यात ये, नाहीतर पानगळीत, तुला बरं पडेल तेव्हा. लाकडं फोडून ठेवली आहेत. दार जरा खाली बसलंय. कडी ओढताना थोडं वर उचल, मग उघडतं.

तुझा
होबी