डमी उमेदवाराची खोली

मी, श्रीमती शेवंती धोंडू परब, वय ६९, राहणार लोअर परळ, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. इतकी वर्षं एकाच पक्षात राहिलेल्या बाईच्या बुद्धीवर कुणीही शंका घेईल.

१. नवरा गेल्यावर पोळी-भाजी विकून मी घर चालवलं आणि उरलेला वेळ पक्षाला दिला. पक्षानेही मला चार वेळा उमेदवारी दिली, डमी म्हणून. खऱ्या उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झालाच तर हाताशी कुणीतरी असावं म्हणून जिचा अर्ज भरून ठेवतात आणि गरज संपली की मागे घ्यायला लावतात, ती डमी. मागच्या खेपेला वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. मुलाखतीत मी बिल्डिंगवार मतं सांगितली. विभागप्रमुख अप्पा म्हणाले, “ताई, तुमच्यासारखं काम कोणाचंच नाय!” तिकीट त्याच सकाळी पक्षात आलेल्या बाईंना मिळालं. प्रचारात त्यांनी मला विचारलं, “आपला वॉर्ड कुठपर्यंत आहे हो?”

२. दर माघारीनंतर अप्पांनी माझा शाल-नारळ देऊन सत्कार केला. नारळ आमटीत गेले. शाली अप्पांना परत द्याव्यात, पुढच्या डमीसाठी होतील.

३. मोठा तवा आणि पोळपाट शेजारच्या प्रितीला. तिच्या पोळ्या अजून वातड होतात, पण मतदानाच्या दिवशी “मावशी, जेवलात का?” असं विचारणारी ती एकटीच.

४. माझ्या देहावर पक्षाचा झेंडा घालू नये. ऐनवेळी तो दुसऱ्या कुणाला द्यायचं ठरलं तर माझी फजिती नको.

५. चाळीच्या पुनर्विकासात मिळालेली खोली माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझा मुलगा हितेंद्र अप्पांच्या गाडीमागे धावतो. यंदा डमी म्हणून त्याने बायकोचा, श्रेयाचा, अर्ज भरला. काल छाननीत खऱ्या उमेदवाराचा अर्ज टिकला, म्हणून उद्या तीनच्या आत श्रेयाने माघार घ्यायची, असा हुकूम आला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

“अर्ज माझा. मागे घ्यायचा की नाही ते अप्पा कोण ठरवणार?”

“माझ्या घरात राहायचं ना? मग गपचूप सही कर.”

श्रेयाचं बोलणं ऐकून मला फार आनंद झाला. चार वेळा मला हे विचारायचं सुचलं नव्हतं.

घर हितेंद्रचं नाही. मी जिवंत आहे तोवर श्रेयाला तिथून कुणी हलवणार नाही, आणि माझ्या पश्चात ती खोली एकट्या श्रेयाची. उद्या ती काहीही ठरवो, यात बदल नाही. हितेंद्रला तिथे राहायचं असेल तर त्याने इच्छुक म्हणून तिच्याकडे मुलाखत द्यावी.

वकील जगदीश म्हणाले, मृत्युपत्र हयातीत कधीही मागे घेता येतं. मागे घेण्यात माझा हात कोण धरणार?

हे मागे घेणार नाही.

सही: शेवंती धोंडू परब

साक्षीदार, जुन्या चाळीतले शेजारी:
१. बुद्धभूषण मोहिते
२. सीमा मोहिते

लोअर परळ, मुंबई
१ जानेवारी २०२६