आबांच्या डब्यातला डाग

आबा, सगळ्यात आधी आली ती चॅरिटी शॉपातली बाई. लाल कोट, हातात दोन रिकाम्या पिशव्या, आणि दारातच म्हणते कशी, "तुमच्याकडे जुनी मॅगझिन्स आहेत ना, ती न्यायला आले." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांत तुमच्या डब्याची चौकशी कुणी आपणहून केली नव्हती. मी तिला स्वयंपाकघरात बसवलं, चहा टाकला, चिवडा पुढं केला, आणि ओट्याखालनं तुमचा डबा काढून टेबलावर ठेवला. वरचं फडकं असं ऐटीत उचललं, जसा काही सत्यनारायणाचा प्रसादच. ती बघतच राहिली. मग कप खाली ठेवला आणि विचारलं, "हे काय आहे, डियर?" मी म्हटलं, "मॅगझिन. बंदुकीचं. यात गोळ्या भरतात. माझ्या वडिलांच्या हाताखालनं गेलंय." बाई चिवडा तसाच टाकून गेली हो. तिला विणकामाची मासिकं हवी होती.

नातीनं फोन करून बोलावलं होतं तिला, घर रिकामं करायचंय म्हणून. शनिवारी मला मिल्टन कीन्सला लेकाकडे जायचंय, कायमचं. कॉव्हेंट्रीतलं हे घर विकलं. तर नात माझ्यावरच डाफरते, "आजी, मी तिला नीट सांगितली होती, ओल्ड मॅगझिन्स! तूच रोज म्हणतेस, आबांचा मॅगझिन, आबांचा मॅगझिन." बाहेर नोकरी करते, गाडी चालवते, पण मराठीत कुणाला बाई करील आणि कुणाला पुरुष, नेम नाही. आम्ही दोघी हसलो. हसत होतो तोवर दाराशी पोलीस.

एक पोरगेला आणि एक बाई. पोलीस म्हटल्यावर तुमच्या वेळचं सगळं आठवलं. पण त्या पोरग्यानं विचारलं, "बूट काढू का?" मग कसली भीती! त्यानं दोन वाट्या चिवडा खाल्ला. पोलीसबाईनं डबा उचलून पाहिला, रिकामा, बंदूक कुठं नाही, म्हटल्यावर तिचा चेहरा सैल झाला. म्हणाली, "नुसता हा ठेवला तर बहुधा गुन्हा नाही. पण तुम्हाला नको असेल तर आम्ही नेतो." नको कसा असेल? पण तेवढ्यात नातीनं फोन माझ्या कानाला लावला, पलीकडे लेक. "आई, प्लीज. बंदुकीचा पार्ट माझ्या घरात नको. माझ्या जॉबला प्रॉब्लेम होईल. देऊन टाक त्यांना."

"अरे, आबांचा आहे."

"आई, मी आबांना पाहिलंसुद्धा नाहीये."

खरंच नाही पाहिलं त्यानं. मी पोलीसबाईला विचारलं, नेऊन काय करता? तिनं दोन्ही तळहात एकमेकांवर दाबून दाखवले, यंत्रात घालून चपटा करतात. प्रेस. मी तिथंच रडायला लागले, आबा, परक्या बाईसमोर. तिला वाईट वाटलं असणार, कारण तिनं कुठल्याशा म्युझियमच्या माणसाला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला म्हणे, आतलं चक्र फिरत असेल तर काचेच्या कपाटात ठेवतो, पण अडकलेले असले डबे आमच्याकडे आधीच पडून आहेत, आणखी नको. मी डोळे पुसले आणि म्हटलं, फिरेल. तुम्ही त्याला घेऊनच या. शिलेखान्याच्या मिस्त्रीची मुलगी आहे मी.

असं म्हणून बसले खरी. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. फ्रीजमध्ये चष्मा सापडला.

मला आपला शिलेखाना दिसतोय. संस्थानाची हत्यारं ठेवायची ती लांब खोली, वर जाळीची खिडकी, खाली तुम्ही मांडी घालून. पुढ्यात डबा उघडा. आत गोगलगायीच्या पाठीसारखी वळत गेलेली वाट, त्या वाटेत गोळ्या उभ्या राहायच्या, आणि मधलं चक्र त्यांना एकेक करून पुढं ढकलायचं. वाटेत कण जरी अडकला तरी सगळं ठप्प. माझी बोटं बारीक, म्हणून तेलाचं फडकं आत फिरवायचं काम माझं. चौथीतली पोर मी, शाळा सुटली की धावत यायची. गंज खरवडायचा, पण पत्रा खरवडायचा नाही. स्प्रिंगला तेल दाखवायचं, पाजायचं नाही. मग तुम्ही किल्ली द्यायचात आणि म्हणायचात, "पोरी, ऐक कशी गाते." कट्‌ कट्‌ कट्‌, एका लयीत. मला गुळाचा खडा मिळायचा. तो आठवडा असाच गेला. शिलेखान्याच्या साहेबाला घाई होती, संस्थानाच्या पोलिसांना या डब्याची बंदूक हवी होती. आपण दोघांनी तो डबा असा केला की नवा काय फिरेल.

आणि मग राजवाड्यासमोर लोक जमले, झेंडे घेऊन. पुढं आमचे गुरुजी. त्यांनीच मला अक्षर शिकवलं, मी आज ही वेडीवाकडी ओळ लिहिते ती त्यांचीच. तुम्ही घरी होता, मी पाटीवर काहीतरी गिरवत होते. आवाज आला. कट्‌ कट्‌ नव्हे, दुसराच, पण लय तीच. तुमच्या हातातला घास हातातच राहिलेला मला दिसतोय. गुरुजी गेले, शाळेला कुलूप लागलं, माझं शिक्षण तिथंच थांबलं. त्यावर आपण एक अक्षर बोललो नाही. ना तेव्हा, ना नंतर.

थोड्या दिवसांनी तो डबा परत आला साफ करायला, आणि तुमच्या हातून अडकला. एकदाच नाही, साहेब रोज विचारायचा आणि तुम्ही रोज म्हणायचात, "नाही जमत, साहेब." मी आपली भोळी, म्हटलं, आबा, मी बोट घालून बघू? तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी ओरडलात. "त्याला हात लावायचा नाही. कधीच." साहेब सगळ्यांसमोर म्हणाला, "हात गेला तुझा, मिस्त्री," आणि डबा तुमच्या अंगावर फेकला. घेऊन जा. पुढं तुम्ही नाक्यावर बसून स्टो दुरुस्त केलेत. आई शेवटपर्यंत म्हणायची, एवढी कारागिरी, आणि एका डब्यानं नावाला डाग लावला.

मला त्याचा इतका राग होता, त्या डब्याचा! म्हणूनच मी तो ट्रंकेत घालून इथं आणला. वाटायचं, एक दिवस चालवून दाखवीन, म्हणजे कुणाला म्हणता येणार नाही आबांचा हात गेला होता. हे होते तोवर कारखान्यातनं चांगलं तेल आणायचे. खंडेनवमीला मी त्याच्यावर सुपरमार्केटातली फुलं ठेवते, झेंडू मिळत नाही तेव्हा पिवळं जे मिळेल ते. पण बाहेरूनच पुसत राहिले. तुमचा शब्द होता. तो मी आज मोडला, आबा, दुसरा इलाज नव्हता. पॅराफिनमध्ये, म्हणजे इथल्या रॉकेलमध्ये, भिजत घातला, बोटं आता वाकडी झालीत, पाना धरवत नाही, तरी पुसत पुसत, देवाचं नाव घेत मधलं चक्र बाहेर काढलं. नातीची टॉर्च आत धरली. वाटेच्या ऐन वळणावर, चक्राच्या आड, जिथं कुणाची नजर जाणार नाही तिथं, एक उंचवटा. मी म्हटलं, हाच तो गंज. कानस घेतली आणि एक हात मारला.

पिवळं चमकलं.

गंज पिवळा चमकत नाही. पितळेचा डाग तो, आबा, भांडं सांधायला देतात तसा, भट्टीवर दिलेला, कडा अशा घासून गोल केलेल्या की सोनारानं पाहत राहावं. तुमचा डाग मी ओळखणार नाही? लोकांच्या हंड्याकळशांवर दिलेले किती पाहिलेत. हा तुम्ही मुद्दाम दिलात. तुमचा हात गेला नव्हता. तुम्ही रोज "नाही जमत" म्हणायचात आणि आईचं ऐकून घ्यायचात, आणि मला, मला तरी सांगायचं होतं ना!

आता मी काय करू? कानशीनं घासला तर अर्ध्या तासात डबा गाईल, काचेच्या कपाटात जाईल, वाचेल. पण मग तुम्ही जे केलंत ते माझ्याच हातानं पुसलं जाईल, आणि कपाटात राहील ते गुरुजींना मारणारं यंत्र. नाही घासला तर प्रेस. राहिलं सांगणं. पण सांगू कशी? नातीला विचारलं, डागाला इंग्रजीत काय म्हणतात गं? ती म्हणाली, "स्टेन, आजी. शर्टवर पडतो तो."

"तो नव्हे, दुसरा."

"मग ज्वेलरी? तू म्हणतेस ना, लग्नातली डाग."

"तोही नव्हे. जोडायला देतात तो."

तिला नाही आला. हे असते तर त्यांनी पटकन सांगितलं असतं, जन्म गेला त्यांचा लोखंडात. आणि शब्द मिळाला तरी कोण विश्वास ठेवील? अडकलेला डबा, रडणारी म्हातारी, आणि म्हणे वडिलांनी मुद्दाम अडकवला. लेकाला तर मी अजून सांगितलेलंच नाही. आधी त्याला सांगायला हवं होतं का? तोच म्हणाला ना, पाहिलं नाही. मग हे बघ म्हणावं. हे तुझे आबा.

कानस मी परत ड्रॉवरमध्ये टाकलीय आणि ड्रॉवर नातीला टेपनं बंद करायला लावलाय. चक्र बाहेरच ठेवलंय, टॉर्च शेजारी. म्युझियमच्या त्या माणसाला खुर्चीत बसवीन, आत बोट दाखवीन, जमेल तसं बोलेन. हे पत्र टाकायला पेटी नाही, घरात वाचणारं कुणी नाही, तेव्हा खरं ते लिहिते. तुमच्या डागावर माझा एक ओरखडा पडलाय, आबा. लहानसाच आहे. तेल लावून पाहिलं, जात नाही. टॉर्च धरली की आधी तोच दिसतो.

गुरुवारी येतो म्हणालेत पोलीस, त्या माणसाला घेऊन.