मध्येच बोलणारा वर्ग

दि. ९ मार्च

प्रिय धाकटे,

खूप खूप आशीर्वाद. तुझ्या अहोंचा गुडघा बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. आता त्यांना जरा जिने चढायला लाव, नुसतं लाडावून ठेवू नकोस. माझी तब्येत उत्तम. म्हणजे तशी तक्रार काही नाही.

शाळेचं विचारलंस. काय सांगू, यंदाची सातवी म्हणजे डोक्याला ताप! मी तोंड उघडायचा अवकाश, कार्टी मध्ये बोलतात. मी म्हणते, "मुळं जमिनीतून पाणी..." की लगेच, "शोषतात, बाई!" मी "हात वर करा" म्हणेपर्यंत दुसरा कोपरा पुढचं वाक्य पुरं करून मोकळा. पहिल्या बाकावरची एक तर माझ्या तोंडाकडे टपूनच बसलेली. मी तिला टकळी म्हणते. जरा थांबले की बोललीच! किती रागावले मी त्यांना. एकदा तर अख्ख्या वर्गाला तासभर उभं केलं.

मागच्या आठवड्यात मुख्याध्यापिका तास बघायला आल्या. "हा वर्ग आहे की बाजार?" म्हणाल्या. मग मुलांना दम भरला, "उद्या मी पुन्हा बसणार. बाई बोलताना जो तोंड उघडेल, त्याने दप्तर घेऊन बाहेर जायचं. पालक आल्याशिवाय आत यायचं नाही." खरं सांगू? मला मनातून बरंच वाटलं गं.

दुसऱ्या दिवशी वर्ग चिडीचूप. मी ऐटीत फळ्यावर झाड काढलं. "झाड आपलं अन्न कुठे तयार करतं? तर..." आणि माझा खडू तिथेच टेकलेला राहिला. हिरवं असतं, चपटं असतं, आत्ताच मी काढलेलं. त्याला म्हणतात काय तेच आठवेना. एवढासा शब्द, धाकटे!

मी वळून पाहिलं. सगळी पोरं ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत होती. काहींचे डोळे भरलेले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं, ही पोरं उद्धट नव्हतीच. मी अडायच्या आत मला शब्द पुरवत होती, इतके महिने, आणि मी त्यांच्यावरच खेकसत होते.

मागे मुख्याध्यापिकांची खुर्ची सरकली. तेवढ्यात टकळी उठली. "पान, बाई," एवढंच म्हणाली, अगदी हळू. दप्तर खांद्याला अडकवलं आणि आपणहून दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

मी गेले, तिला हात धरून आत आणलं आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "हिला शिक्षा नको. मलाच आठवत नाही. डॉक्टर म्हणालेत, हे वाढत जाणार."

हो, डॉक्टरांकडे जाऊन आले होते. तुला सांगितलं नाही. तू फोनवर "ताई, अशी अडखळतेस का गं?" म्हणालीस, तेव्हा मी लाईनवर खापर फोडलं. तोंडातून निघेना, काय करू?

राजीनामा दिलाय. काल शेवटचा तास झाला. निरोपाचे चार शब्द बोलायला उभी राहिले आणि दुसऱ्याच वाक्याला अडले. मग काय, पोरं सुटलीच. एक बोलतोय तोवर दुसरी, तिच्यावर तिसरा, रडत, भांडत, "बाईंना हे नव्हतं म्हणायचं!" म्हणत. माझं भाषण त्यांनीच पुरं केलं. मी नुसती ऐकत उभी होते. इतकी वर्षं "शांत बसा" म्हणण्यात घालवली गं मी.

आता घरात बसले आहे. अडले की अडलेच, मध्ये बोलायला कुणी नाही. फार भीती वाटते. तू ये. आणि आलीस की शहाण्यासारखी वाट बघत बसू नकोस, मी थांबले की बोल. पुढे कधी तुलाच हाक मारताना अडले, तर तुझं नाव तूच सांग. रडू नकोस, रागावू नकोस, नुसतं सांग.

आज अजून तरी कुणी शब्द न सांगता लिहितेय,
तुझीच,
ताई