बरसीमचं बी

९ मार्च
अतवा भावजी आज पुन्हा आले. "वहिनी, बरसीम नांगरून टाकू. कापूस पेरायची वेळ टळत चाललीय." माझा नवरा शुक्री जाऊन सात महिनेही होत नाहीत तोच त्याच्या धाकट्या भावाची ही घाई! मी म्हटलं, आणखी एक कापणी म्हशीच्या चाऱ्याला, मग बियांसाठी राखणार. गेल्या साली बाजारच्या बियातून अमरवेल आली, अर्धं शेत तिने गिळलं. या साली तिचा एकेक पिवळा धागा मी हाताने वेचलाय. शेतात माझाही हिस्सा आहे.

१० मार्च
सासूबाई ओट्यावरून, शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात – "पोर ना बाळ! बी राखतेय कुणासाठी?"
मी विळा घेऊन निघाले.

२ एप्रिल
पहाटे म्हैस दावं तोडून दवाने भिजलेल्या बरसीममध्ये शिरली. पोट ढोलासारखं टम्म! तोंडात आडवी काठी बांधली, तेल पाजलं, कालव्याच्या चिखलातून दुपारपर्यंत फिरवत राहिले. बसली असती तर संपलीच होती. दोनदा मीच पडले. सासूबाई दारात उभ्या. बघत होत्या.
अखेर म्हशीने मोठ्ठा ढेकर दिला. मी तिच्या गळ्यात पडून रडले.

२१ एप्रिल
भावजी ट्रॅक्टरच घेऊन आले! मी धावले, पण माझ्याआधी सासूबाई – काठी टेकत गेल्या आणि कोवळ्या बरसीममध्ये चक्क फतकल मारून बसल्या.
"आई, ऊठ! लोक बघताहेत."
"बघू देत. चालव माझ्या अंगावरून!"
भावजींचं तोंड पाहण्यासारखं झालं. ट्रॅक्टर परत गेला. मला मात्र कळेना – यांना झालं काय?

१९ मे
शेत पांढुरकं फुललंय. मधमाश्याच मधमाश्या.

१४ जून
मळणी झाली. चार पोती, पिवळंधमक बी. अमरवेल औषधालाही नाही! शेजारच्या इन्शिराहने आताच दोन पायली मागितलं.

१५ जून
सकाळी भाकर मोडता मोडता सासूबाई म्हणाल्या, "अतवाला ट्रॅक्टर आण म्हणून मीच सांगितलं होतं. फेब्रुवारीतच. वाटलं, हे पीक गेलं की तू माहेरी जाशील. मग तुला त्या चिखलात पाहिलं... तोवर तो ऐकेनासा झाला होता."
मी त्यांच्यापुढे म्हशीच्या दुधाचं चीज सरकवलं.