पाडव्याला बोललेलं

माय, आज पाडवा आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण या दिवशी सकाळी जाग आली की अजून वाटतं, तू पाटा मांडून बसली असशील आणि लिंबाचा मोहर, चिंच, गूळ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटत असशील. दुसऱ्यांच्या घरी तो हिरवट गोळा डोळे मिटून गिळायचा आणि वर गाठीचा तुकडा तोंडात टाकायचा, की सण झाला. आपल्याकडं तुझा कायदा वेगळा होता. गोळा जिभेवर असतानाच यंदा काय करणार ते बोलायचं आणि बोलून झाल्यावरच गाठी मिळायची. ही पद्धत तू कुठून उचललीस देव जाणे. मला वाटतं, तू ज्या मुलींच्या शाळेत आया होतीस तिथल्या मोठ्या बाई नव्या वर्षाला पोरींकडून काहीबाही वदवून घ्यायच्या, ते तू व्हरांडा झाडता झाडता ऐकलं असशील आणि घरी येऊन त्यात लिंब घातलास. नवं बोलायच्या आधी तू मागच्या वर्षीचं विचारायचीस, आणि मी बहुतेक वेळा खाली बघत उभी असायचे.

आता विचारणारं कुणी नाही, तरी मागच्या वर्षीचं या कागदावर सांगून टाकते. तुझ्याशिवाय ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

एका पाडव्याला मी मोठ्या तोऱ्यात बोलले होते. पहाटे उठीन, पहिला नंबर आणीन, कुणाला उलटून बोलणार नाही, असं बरंच काही. अण्णा कौतुकानं हसत होते. तू मात्र गाठीचा हात मागं घेतलास. "येवढं कशाला बोलाया लागलीस गं? वरीसभर ह्येच तोंड घिऊन हिंडायचंय तुला. कमी बोल." मला रडू फुटलं होतं. मग तू धाकट्याकडं वळलीस. तो जन्मताना अडकला होता, निळा पडला होता, आणि अंगानं वाढला तरी डोक्यानं चार वर्षांचाच राहिला. त्याला काय बोलता येणार? त्याच्या वतीनं तू बोलायचीस. "ह्यो यंदा सदऱ्याचं बटण लावंल." पुढच्या पाडव्याला बटण लागलेलं नव्हतं. तू पुन्हा तेच बोललीस, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच, आणि एका वर्षी तो खरंच वरपासून खालपर्यंत बटणं लावून स्वयंपाकघरात आला. एक घर चुकलं होतं, त्यामुळं सदरा एका बाजूनं लोंबत होता. तू पोळी तव्यावर तशीच टाकून त्याला कुशीत घेतलंस. आपल्या घरात तेव्हा पाडव्याला बोललेलं खरं झालं ते फक्त त्याचं, कारण तू त्याच्यासाठी अगदी थोडं मागायचीस.

तुझा शेवटचा पाडवा मला नको असताना आठवतो. अण्णा आधीच गेलेले. तू खाटेवर, पोटात पाणी ठरत नाही, आणि तरी मला पाटा काढायला लावलास. मी वाटलेला गोळा तू माझ्याच तोंडात घातलास. "बोल. ह्याला घराच्या भाईर ठिवणार नाय." धाकटा तुझ्या पायाशी बसून चादरीचे धागे ओढतोय. मी म्हणते, "माय, आज कशाला हे?" तू म्हणतेस, "आजच. बोल." तोंडात सगळा कडवटपणा पसरलेला, आणि मी बोलते. मग तू मला गाठी भरवतेस. तेव्हा मला तुझी दया आली होती. आज कधीकधी राग येतो, तोही सांगून ठेवते. मरणाऱ्या बाईला नाही म्हणता येत नाही, हे तुला ठाऊक होतं.

ते मी वर्षानुवर्षं निभावलं. दोन स्थळं आली, दोघांनीही भावाचं काय करणार ते विचारलं, मी काय करणार ते सांगितलं, आणि विषय संपला. औरंगपुऱ्यातल्या कचेरीत मी दिवस काढू शकले ते शेजारच्या खालांमुळं. सकाळी मी चपला घातल्या की त्या त्यांची जपाची तसबीह आणि सुपारीची डबी घेऊन आपल्या ओट्यावर यायच्या. "तू जा बेटा, मैं बैठतूं ना इसके पास." धाकटा त्यांना सुपारी कातरून द्यायचा, त्या त्याला नमाजाच्या वेळी गप्प बसायला शिकवायच्या, आणि तो शिकलाही. त्याच्या प्रत्येक सदऱ्याच्या आत त्यांनी माझा फोन नंबर दोऱ्याच्या टाक्यांनी काढला होता. मागच्या वर्षी थंडीत खाला गेल्या. त्यांना नेलं तेव्हा तो ओट्यावर बसून त्यांची डबी वाजवत होता.

त्यानंतरच्या पाडव्याला, म्हणजे बरोबर एक वर्षापूर्वी, मी एकटीनं गोळा वाटला. तुझं ऐकून कमीच बोलले. धाकट्यावर हात टाकणार नाही. त्याला कोंडून कुठं जाणार नाही. आणि स्वतःसाठी एक बोलले, गुडघ्यांचं ऑपरेशन करून घेईन. तुझं वय कुणी विचारलं की तू म्हणायचीस, "पोलीस ॲक्शन झालं तवा मी परकर नेसत व्हते." त्यावरून तू गेलीस तेव्हाचं वय धरलं तर मी आता तुझ्यापेक्षा कितीतरी म्हातारी आहे. त्याचं अंग अजून बैलासारखं आणि मला जिना चढता येत नाही, अशी आमची जोडी.

हात टाकणार नाही म्हणाले होते, ते उन्हाळ्यातच मोडलं. गावाचं नाव बदललं, पाण्याचं रडगाणं बदललं नाही. आठवड्यातून एकदा नळ येतो आणि घरातली भांडीकुंडी, पिंप, गच्चीवरची टाकी भरून ठेवली की त्यावर दिवस काढायचे. एका दुपारी मी डुलकी घेतली आणि उठले तर टाकी रिकामी. तो मोरीत मांडी घालून बसला होता, नळ पूर्ण सोडलेला, शेवटची धार तळव्यावर घेऊन हसत होता. नळ पुन्हा यायला किती दिवस बाकी होते ते मला माहीत होतं. मी त्याच्या तोंडात मारली. मग पाठीत मारली, मग जिथं हात पोचेल तिथं. त्यानं हात वर केला नाही, नुसता "आक्का, पाणी" म्हणत राहिला. मार थांबला तो माझा हात दुखला म्हणून, त्याची दया आली म्हणून नव्हे.

कोंडण्याचं मात्र मी पाळलं, आणि पाळलं म्हणूनच तो निघून गेला. श्रावणातली गोष्ट. मी गुलमंडीवरून सदऱ्याचं कापड आणायला गेले होते, दाराला आतून नुसती कडी. परत आले तर कडी निघालेली आणि घर रिकामं. गल्ली पालथी घातली, रिक्षावाल्यांना विचारलं, पोलिसांत गेले, तोंडचं पाणी पळालं होतं. तिसऱ्या प्रहरी फोन आला. फर्दापूरच्या स्टँडजवळचा चहावाला बोलत होता, सदऱ्याच्या आतला नंबर वाचून त्यानं फोन लावला होता. "तुमचा मानूस हितं बसलाय, मावशी. घाबरू नका, खाऊन-पिऊन हाये."

माय, तो तुझ्या माहेराला निघाला होता. दर उन्हाळ्यात तू आम्हाला ज्या एसटीनं न्यायचीस, त्याच रस्त्याच्या गाडीत बसून तो गेला. त्याला अक्षर येत नाही, गाडीची पाटी काय वाचणार? कशावरून ओळखली ते मला आजतागायत कळलं नाही. कंडक्टरला वाटलं असेल, मागच्या कुणाबरोबर आहे. मी पोचले तेव्हा, जिथं मामा बैलगाडी घेऊन उभे राहायचे, त्या बाजूला तोंड करून तो बाकावर बसला होता. आता तिथं लेण्यांना जाणाऱ्यांच्या मोटारी उभ्या असतात. चहावाला म्हणाला, "कुनाची वाट बघता इचारलं, तर म्हनतेत माय येनार हाये. मला वाटलं, आसंल यांची म्हातारी मागं." मी त्याच्या शेजारी बसले. "चल घरी," म्हटलं. त्यानं माझा हात बाजूला सारला, अगदी समजूतदार माणसासारखा. "आक्का, तू जा. माय येती ना." मी म्हटलं, माय गेली. तो म्हणाला, "व्हय. येती." शेवटच्या गाडीपर्यंत आम्ही दोघं तिथं बसून राहिलो, आणि काही वेळ मीही त्या रस्त्याकडं बघत होते.

त्यानंतर मी कुलूप लावायला लागले. तो आतून दारावर डोकं आपटायचा, कपाळ सुजायचं, मी हळद लावायचे आणि हळद लावता लावता त्यालाच शिव्या द्यायचे. मारणं आता रोजचं झालं होतं. पहिल्यांदा मारल्यावर मी जेवले नव्हते, नंतर नंतर मारून झालं की भाकरी टाकायला बसायचे. दिवाळीच्या आधी त्याला अंघोळ घालताना माझा गुडघा दगा देऊन गेला आणि मी मोरीत पडले, त्याला घेऊन पडले. मला उठता येईना. त्याला वाटलं खेळ आहे, तो खदाखदा हसत माझ्या अंगावर तांब्यानं पाणी ओतत होता. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडानं मागच्या दारानं येऊन आम्हाला उचललं. डॉक्टरांनी मला सांगितलं, ऑपरेशन आता टाळता येणार नाही आणि पुढं कितीतरी दिवस कुणाला धरायचं, उचलायचं नाही.

दिवाळी झाल्यावर मी त्याला गावाबाहेरच्या एका संस्थेत ठेवलं. चांगली माणसं आहेत, अंगण आहे, जेवण वेळेवर आहे. हे मी इतक्या जणांना सांगितलंय की आता आपोआप तोंडातून येतं. तुझ्यापुढं बोललेलं त्या दिवशी मोडलं. त्याला ते कळलं की नाही, सांगता येत नाही. तो फाटकापाशी माझा पदर धरून उभा होता. तिथल्या बाईंनी बोटं एकेक करून सोडवली. मी म्हटलं, "मी पाडव्याला न्यायला येईन. पाडव्याला आपल्या घरी." त्यानं विचारलं, "पाडवा?" मी म्हटलं, "हो, पाडवा." माझं काम सोपं व्हावं म्हणून मी ते बोलले असेन, पण खोटं बोलले नव्हते. संक्रांतीला तिथल्या बाई फोनवर म्हणाल्या, ते रोज विचारतात, आज पाडवा आहे का.

ऑपरेशन झालं. मागच्या वर्षी बोललेल्यातलं तेवढं एक पार पडलं, माझ्या स्वतःसाठी बोललेलं. गुडघे आता इतके बरे आहेत की मी जिना न थांबता चढते, गुलमंडीपर्यंत चालत जाऊन येते. आणि माय, घर शांत आहे. मी दुपारी झोपते. टाकी भरलेली राहते. चहा गरम असताना पिऊन होतो. इतक्या वर्षांत मला ठाऊकच नव्हतं की माणसं अशी राहतात. पहिले काही दिवस मी रडले, हेही खरं आहे, पण ते दिवस थोडे होते. तू असतीस तर म्हणाली असतीस, तुला कुणी शिकवलं गं असं व्हायला. तुझ्या जागी मी असते तर मीही तसंच म्हटलं असतं.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही. चूल असती तर तिच्यात घातला असता. गॅसवर कागद जाळणं बरं दिसत नाही, तेव्हा तुझ्या लुगड्यांच्या खाली ठेवून देईन.

एवढंच राहिलं. आज सकाळी संस्थेतून फोन आला होता. "ताई, किती वाजता येताय? ते पहाटेपासून तयार होऊन बसलेत, पिशवी मांडीवरून खाली ठेवत नाहीत." मी म्हटलं, "मी गावाला आलेय हो, यंदा काही जमायचं नाही. त्यांना सांगा, पुढच्या सणाला." पलीकडून त्याचा आवाज येत होता, "आक्का हाय का? आक्का निघाली का?" बाई म्हणाल्या, बरं, सांगते त्यांना, गावाला गेल्यात म्हणून.

माय, मी घरीच आहे.