जावईबापूंना दारात अडवलं त्याबद्दल

पेण, शुक्रवार

तीर्थस्वरूप विमलमावशीच्या पायांवर नमूचा वाकून नमस्कार. (वाकलेलं पत्रात दिसत नाही, पण वाकले आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? पोपटकाकांचा खोकला गेला का, की हायवेची धूळ त्याला जाऊ देत नाही? तुमच्या खांब गावात यंदा वालाला शेंग कशी धरली आहे? आमच्याकडे सगळे बरे. आई तुझी आठवण काढते. बाबा काढत नाहीत, पण आई काढते तेव्हा गप्प बसून ऐकतात, म्हणजे त्यांचीही धरून चाल.

फोन तू उचलत नाहीस म्हणून हे पत्र. एका परीने बरंच झालं. फोनवर तू बोलतेस आणि मी ‘व्हय गो मावशे’ म्हणते. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही. आमच्या शेजारची बायजाबाई उद्या कोलाडला लेकीकडे निघाली आहे, खांब वाटेवरच, तिच्या हाती देते. ती वाटेत वाचणार नाही. (तिचा चष्मा दुरुस्तीला गेला आहे, याची खात्री करूनच तिला निवडलं.)

रोहिणीताईने तुला काय सांगितलं ते मला आईकडून कळलं. की मी माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे तुझ्या जावयाला, भर बोटीत सगळ्या लोकांसमोर दारातून हाकललं आणि पोरांना हाताला धरून ओढलं. मावशी, हाकललं नाही, अडवलं. लोक होते, हे कबूल. ओढलं हेही खरं, पण फक्त सुरभीला, आणि तेसुद्धा ती गालिच्यावर आडवी झाली होती आणि मागच्या बायका तिला ओलांडून जात होत्या म्हणून. चार वर्षांच्या पोरीला कुणी तुडवू नये एवढीच माझी इच्छा होती. पुढे जे झालं त्यानंतर तीही राहिली नाही, पण ते क्रमाने सांगते.

आधी माझी नोकरी समजून घे. तू खांबभर सांगतेस की नमू बोटीवर मॅनेजर आहे. मी मॅनेजर नाही. मुंबईहून गोव्याला जाते त्या मोठ्या बोटीवर एक नाट्यगृह आहे, त्याच्या दारात मी उभी असते. तिथे रोज दोन खेळ. पहिला सगळ्यांसाठी, जादूचा. दुसरा फक्त मोठ्यांसाठी. दाराशी हिंदी, मराठी आणि इंग्रजीत पाटी आहे की अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, आणि ज्यांना वाचायचा कंटाळा त्यांच्यासाठी लहान मुलाचं चित्र काढून त्यावर लाल काट मारली आहे. तरी ती पाटी कुणी बघत नाही, म्हणून पाटीच्या शेजारी मला ठेवलं आहे. बरं, पोरांचं काय करायचं हा प्रश्नच नाही. दोन मजले वर त्यांच्यासाठी मोठी खोली आहे, घसरगुंडी आहे, चेंडूंनी भरलेला हौद आहे, लक्ष द्यायला दोन बायका आहेत. पोरं त्या खोलीतून बाहेर यायला तयार नसतात. पण आईबापांना वाटतं की आपण मजा करत असताना पोर डोळ्यांसमोर नसेल तर आपण वाईट आईबाप ठरू. म्हणून ते त्याला जिथे त्याने असू नये नेमकं तिथे घेऊन येतात.

आणि कारणं काय देतात! एकाच्या खांद्यावर पोरगा. म्हणतो, झोपलाय. मी बघते तर पोरगा टक्क डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघतोय. एक बाई म्हणाली, आमचा बंटी इंग्रजी शाळेत आहे, त्याला हिंदी विनोद कळत नाहीत. (बंटीने मला हिंदीत शिवी दिली.) एका गृहस्थाने तर आपला मुलगा अठरा वर्षांचाच आहे, फक्त उंची घराण्यात कमी आहे, असं सांगितलं. त्या घराण्यातल्या अठरा वर्षांच्या मुलाच्या तोंडात चोखणी होती. अशा लोकांशी हसतमुखाने बोलायचं, हे माझं काम. रात्री गाल दुखतात.

तर त्या मोठ्यांच्या खेळात एक माणूस एकटाच माइक घेऊन उभा राहतो आणि विनोद सांगतो. नवराबायकोचे, मधुचंद्राचे, डॉक्टरकडे गेलेल्या म्हाताऱ्याचे. त्यातला एकही मी इथे लिहू शकत नाही. (एक तुला आवडेल. भेटलीस की कानात सांगेन.) त्याचं नाव सखा. आपल्या पेणच्या रामवाडीचाच. वडील हैबतराव, त्यांचा गणपतीचा कारखाना आहे, आणि सखा सुट्टीत घरी आला की मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतो. अशी करतो की मूर्ती आपल्याकडे बघून आत्ता काहीतरी विचारेल असं वाटतं. स्वभावाने गरीब आहे, पान-तंबाखू नाही, शर्टाला स्वतः इस्त्री करतो. पण ते जाऊ दे. सांगायचं हे की त्या दिवशी मुंबईच्या ऑफिसातून एक मॅडम त्याचा खेळ बघायला आल्या होत्या. त्याचं कंत्राट वाढवायचं की त्याला घरी पाठवायचं, हे त्यावर ठरणार होतं. बिचारा कपडे धुण्याच्या खोलीत यंत्रांसमोर उभा राहून रोज तयारी करत होता. (मला कसं माहीत? ती खोली माझ्या वाटेवर आहे.)

नेमकं त्याच दिवशी तुझी लेक, जावई, साहिल आणि सुरभी, नटूनथटून माझ्या दारात. सवलतीचं बुकिंग मीच करून दिलं होतं, मला आनंदच झाला. रोहिणीताईने मला मिठी मारली. मी पोरांचे गाल ओढले आणि म्हटलं, चला, तुम्हाला घसरगुंडीवर सोडून येते. तर जितेशभाऊजी हसले.

“अगो नमे, आपल्याच माणसाला पाटी दाखवतेस व्हय?”

मी म्हटलं, “भाऊजी, आत मोठ्यांचे विनोद आहेत.”

“मंग? पोरांना काय कळतंय त्यातलं?”

“कळत नाही तर आणता कशाला?”

यावर ते एकदम जावई झाले. “मी या घरचा जावई हाय,” असं त्यांनी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं. मावशी, ते तुझ्या घरचे जावई आहेत. बोटीचे नाहीत. मागे रांगेत बंटीची आई उभी होती, झोपलेल्या पोराचा बाप उभा होता, आणि सगळे श्वास रोखून बघत होते, की ही पोरगी नात्यातल्यांना सोडते का. सोडलं की आपण घुसू. मी सोडलं नाही. मग रोहिणीताई रडायला लागली. “मी तुला न्हाऊमाखू घातलंय गो, आन् तू मला दारात उभी करतेस?” हे खरं आहे. तिने मला खूप सांभाळलं. मी तिला माझा रुमाल दिला. पण तेवढ्यात सुरभी गालिच्यावर आडवी झाली, आणि मी तिला ओढलं, ते वर आलंच आहे. शेवटी भाऊजी म्हणाले, ठीक हाय, सोडतो पोरांना वरती, आणि चौघे निघून गेले. मला वाटलं, सुटले. जावई माणूस एकदा ‘ठीक हाय’ म्हणाला की नीट लक्ष ठेवावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

नाट्यगृहाला पलीकडून दुसरं दार आहे. तिथे माझा जोडीदार असतो, केरळचा, अतिशय भला. तुझ्या लेकीने काय करावं? सुरभीला पोटाशी बिलगवलं, वरून शाल घेतली, आणि कमरेवर हात ठेवून सावकाश चालत त्याच्यासमोर गेली. त्या भल्या माणसाने तिचं अभिनंदन केलं, तिला हात धरून आत नेलं आणि पहिल्या रांगेतल्या कोचावर बसवलं. पाय वर ठेवायला उशी दिली. तो तिच्या पोटाची काळजी करत असताना भाऊजींच्या पाठीआडून साहिलही आत गेला.

सखा आला. सुरुवात छान झाली, लोक हसले, मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. मग त्याने मधुचंद्राचा एक सुरू केला, शेवटच्या वाक्यापाशी आला, आणि लोक हसण्याआधीच्या त्या एका क्षणाच्या शांततेत साहिलचा आवाज आला:

“पप्पा, मंजे काय?”

सगळं नाट्यगृह हसलं. सखाच्या विनोदाला नाही. सखाने पहिल्या रांगेत पाहिलं, त्याचा चेहरा उतरला. त्याने दुसरा विषय घेतला, मग तिसरा, पण त्याच्याकडच्या प्रत्येक गोष्टीचा शेवट तिथेच जातो, आणि समोर सात वर्षांचं पोर तोंड वर करून बसलेलं. इतक्यात सुरभीला शालीत गुदमरलं. ती आतून बाहेर आली. आधी डोकं, मग हात, मग अख्खी, फ्रॉकसकट. सगळ्या लोकांनी पाहिलं. आणि सखा, आपल्या पेणचा गडी, माइकमध्ये म्हणाला, “अभिनंदन. मुलगी झाली.”

मावशी, लोक खुर्च्यांवरून घसरले. मॅडमसुद्धा. केरळचा जोडीदार दाराशी पांढराफटक पडून उभा होता. मीही हसले, खोटं सांगत नाही. पण मग मी साहिलकडे पाहिलं. तो हसत नव्हता. आधी बापाच्या तोंडाकडे, मग आईच्या, असा बघत होता, आता हसायचं की नाही ते कळावं म्हणून. आणि भाऊजी तर कधीच हसायचे थांबले होते, मान खाली घालून बसले होते. मजा करायला आलेला माणूस आपल्याच पोराशेजारी चोरासारखा बसला होता. मला त्यांचा राग आला होता तो त्या क्षणी निम्मा गेला. (उरलेला अर्धा अजून आहे.)

सुरभी तोवर रंगमंचावर चढली होती. तिला माइक हवा होता. सखा काय करणार? मांडी घालून खाली बसला, तिला शेजारी बसवलं आणि वडिलांच्या कारखान्यातल्या गोष्टी सांगायला लागला. गिऱ्हाइकाला गणपती आपल्या सासऱ्यासारखा दिसतो म्हणून तो सोंड बदलून मागतो, आणि रंगवायचा राहिला म्हणून उंदीर रुसून बसतो. पोरं हरखून गेली. मोठे हळूहळू उठायला लागले. एक जाडे गृहस्थ माझ्यापाशी आले आणि म्हणाले, आम्ही मोठ्यांचा प्रोग्राम म्हणून आलो होतो, हे उंदीर ऐकायला नाही. त्यांची तक्रार रास्त होती. घरी पोरं ठेवून नवराबायको पहिल्यांदाच बाहेर पडले होते.

खेळ संपल्यावर नाट्यगृहाच्या साहेबांनी भाऊजींना गाठलं. मुलं आत आली कशी? त्यावर तुझ्या जावयाने काय सांगावं? “आमची मेव्हणी दारावर हाय, तिनंच सोडलं.” बघ आता. बोटीवर मी सोडलं, आणि खांबला मी हाकललं. एकाच संध्याकाळी मी दोन्ही कसं केलं, ते त्यांनाच विचार. मला लेखी ताकीद मिळाली. सखाचं मोठ्यांचं काम काढून घेतलं. मॅडम म्हणाल्या, तुम्हाला मुलांचं छान जमतं, आणि त्याला कायमचा वरच्या खोलीत टाकला. आता तो रोज सकाळी कागदी सोंड लावून चेंडूंच्या हौदात उभा असतो आणि पोरं त्याला चेंडू मारतात. तो म्हणतो, बरं चाललंय. मला ते बघवत नाही.

हे असं झालं. मी तुझ्या जावयाचा अपमान केला असेल तर तो पाटी लावणाऱ्याने केला, मी शेजारी उभी होते. राग सोड. काकांना नमस्कार, तुझ्या गाईला वासरू झालं असेल तर त्याला एक थोपट.

तुझी,
नमू

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. सखालाही माझ्यासारखी सुट्टी आहे, आणि येत्या रविवारी हैबतराव त्याला घेऊन आमच्या घरी येणार आहेत. कशासाठी ते तुला कळलं असेलच. बाबांना एवढंच ठाऊक आहे की मुलगा बोटीवर लहान मुलांच्या विभागात आहे, आणि ते आता अगदी खरं आहे. बाबा दुनियेत फक्त तुझं ऐकतात. तू येऊन ‘काळुराम, पोरगा चांगला हाय’ एवढं म्हण, बाकी मी बघते. भाऊजींनी ते विनोद ऐकलेत, त्यांना शपथ घाल. मी त्यांची माफी मागायला तयार आहे, रोह्याला त्यांच्या घरी जाऊन, पाय धरून, कशीही.

ता. क. दुसरा. एक अडचण आहे. सखा घाबरला की त्याच्या तोंडून तसलेच विनोद निघतात. मागे पेणच्या एसटी स्टँडवर आई अचानक समोर आली, तर त्याने घाबरून तिला डॉक्टरकडे गेलेल्या म्हाताऱ्याचा सांगितला. नशीब, आईला वाटलं तो त्याच्या आजोबांबद्दल बोलतोय. तिने ओव्याचं पाणी सुचवलं. पण बाबांना ओव्याचं पाणी सुचणार नाही.

ता. क. तिसरा. म्हणून रविवारी साहिल आणि सुरभीला नक्की घेऊन ये. पोरं समोर असली की त्याच्या तोंडून एक वावगा शब्द निघत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दोघांना अगदी त्याच्या पुढ्यात बसव, आणि बोलणी संपेपर्यंत अंगणात खेळायला सोडू नकोस. रडली तरी.