टाकीजवळचा दोरा

८ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आमच्या धावण्याच्या क्लबाने काल हिवाळी रिलेत भाग घेतला. संघ चौघींचा. एकीने परत येऊन दुसरीला टाळी द्यायची, मग तिने पळायचं. प्रत्येकीने पाण्याच्या टाकीला वळसा घालून यायचं. टाकीपाशी एक स्वयंसेवक मनगटाला लाल दोरा बांधतो, म्हणजे कुणी अर्ध्यातून वळलं नाही हे कळतं. आम्ही तिसऱ्या आलो. तिसऱ्या क्रमांकाचा कप २८ तारखेला मिळणार आहे. आमच्यातली बेकरीवाली मला म्हणाली, की एवढ्या लवकर परतलीस, पदवीचा कागद पायाला बांधून पळालीस की काय.

माझा दोरा सोबत पाठवते आहे. इथे खोलीत ठेवायला जागा नाही. आईला सांगा, सर्दी बरी आहे. लोभ असू द्या.

तुमची,
मास्तरीण

१२ जानेवारी

चि. मास्तरीण हिस,
अ. आ.

पत्र पोचलं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, चालवून घे. एवढ्याशा दोऱ्याला जागा नाही, तर खोली आहे की काडेपेटी, असं आई विचारते.

दोरा मी हातोड्याच्या दांड्याला बांधला. रूळ तपासताना गँगमधल्या नऊ जणांना दाखवून झाला. माझी हद्द संपते तिथे पलीकडच्या हद्दीचा म्हातारा येतो आणि आम्ही पितळी बिल्ले बदलतो. दोघंही शेवटपर्यंत चाललो याची तीच खूण. त्यालाही दाखवला. म्हटलं, पोरीचं कामही आपल्यासारखंच. तो कधी हसत नाही, पण हसला.

शर्यतीच्या दिवशी इथे हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. तिकडे धुकं होतं का? टाकी कशी सापडली?

आईचे आशीर्वाद आहेतच.

बाबा

१५ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न.

टाकी सापडली नाही. मी तिथवर गेलेच नाही.

आदल्या दिवशी सरावाला गेलो होतो. त्या स्वयंसेवकाने गाठ नीट बसते का पाहायला माझ्याच मनगटाला दोरा बांधला. तो काढायचा मी खरंच विसरले. शर्यतीत निम्म्या वाटेवर पोटात कळ आली. परतणाऱ्या मुली धुक्यातून समोर आल्या, तेवढ्यात मनगटावरचा दोरा दिसला. मी वळले आणि त्यांच्यात मिसळले. दोरा राहिला चुकून, पण वळले ते समजून उमजून. पंचांनी दोरा पाहून पाठ थोपटली.

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातल्या बायका चौथ्या आल्या. त्यांनी आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी कुडकुडत होते, तर एकीने आपली शाल माझ्या खांद्यावर टाकली. ती अजून माझ्याकडेच आहे.

लहानपणी तुम्ही कचेरीतली पेन्सिल घरी आणलीत, तर मी तुम्हाला ती परत द्यायला पाठवलं होतं. तेव्हापासून तुम्ही मला मास्तरीण म्हणता. आता तो शब्द वाचवत नाही. सांगितलं तर कप तिघींचाही जातो, आणि त्या खऱ्या पळाल्या. बेकरीवालीने कपासाठी दुकानातली एक फळी रिकामी करून ठेवली आहे. काय करू ते कळवा. दोरा जाळून टाका.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.

मुलगी

१९ जानेवारी

चि. मास्तरीण हिस,
अ. आ.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. पोट बिघडलंय असं आईला सांगितलं, म्हणजे खोटं बोलण्यात मीही काही मागे नाही. तिला खरं काय ते तूच कळव.

काय करावं हे मी शिकलेल्या मुलीला काय सांगू? मी माझ्यापुरतं केलं. ज्यांना दोरा दाखवला होता, त्या प्रत्येकाला गाठून सांगितलं, की पोरगी टाकीपर्यंत गेली नव्हती. मुकादम म्हणाला, की कशाला उगाच, कोण विचारायला येतंय.

म्हातारा राहिला होता. त्या दिवशी हद्द फार लांब वाटली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की पोरीने स्वतःहून कळवलं का. मी हो म्हटलं. मग त्याने रोजच्यासारखा बिल्ला पुढे केला.

दोरा जाळला नाही, याच पाकिटात घातला आहे. पंचांना तो दाखवावा लागेल. शालही परत करायची आहे. २८ तारखेला अजून नऊ दिवस आहेत. माझे दहा जण सांगून झाले, आता तुझी पाळी.

लोभ होता तसाच आहे.

बाबा